पंगतीत पुढं बसवलेली मावशी

वृद्धाश्रमाला डायपर कोणी देत नाही. सीमेलगत तेलुगू मुलखात असलेल्या मावला गावातल्या या वृद्धाश्रमाची व्यवस्थापक होऊन मला आठ वर्षं झाली, पण आजवर एकही माणूस दारात येऊन म्हणाला नाही, की बाई, माझ्या आईच्या नावानं डायपरची चार पाकिटं ठेवून घ्या. आयांचा पगार कोणी देत नाही, शुगरच्या गोळ्या कोणी देत नाही, विजेच्या बिलाचं तर नावच काढू नका. लोक देतात ते जेवण. तेही साधं नाही. बुंदीचे लाडू, जिलेबी, खीर, पुऱ्या, तळलेले वडे. पोराचा वाढदिवस असला की गोड, बाप मेल्याला वर्ष झालं की गोड. दात नसलेल्या, शुगर असलेल्या, पोटाला न सोसणाऱ्या सव्वीस म्हाताऱ्या माणसांपुढं तूप ओतायचं, फोटो काढायचा आणि मोकळं व्हायचं. मला सगळे चिडकी म्हणतात. म्हणोत बापडे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चादरी एकदा धुवून बघा म्हणावं.

याआधी मी शाळेच्या ऑफिसात कारकून होते. रिटायर झाले, नवरा आधीच गेलेला, पोरगी हैदराबादला. घरात बसून भिंतीशी भांडण्यापेक्षा हे बरं, म्हणून आले. संस्थेच्या अध्यक्षांना हिशेब येणारी बाई पाहिजे होती. हिशेब काही अवघड नव्हता. सव्वीसपैकी पंधरा जणांचे नातेवाईक महिन्याला पैसे देत, तेही चार-चार फोन केल्यावर. अकरा जण फुकट होते. सरकारी अनुदान मंजूर असायचं आणि यायचं नाही; ऑफिसात विचारायला गेलं की साहेब तेलुगूत सांगायचे, पुढच्या आठवड्यात या. उरलेली सगळी भिस्त अन्नदानावर. त्यातला नियम माझाच. ज्याला पंगत द्यायची त्यानं देखभालीसाठीही काहीतरी द्यायचं, त्याची रसीद मिळेल. त्या देखभालीच्या पैशातून नर्सचा आणि दोन आयांचा पगार निघायचा. पंगत झाली तर पगार, नाही तर नाही. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही.

आणि पंगतींचा खरा हंगाम म्हणजे पितृपक्ष. पंधरा दिवस. घरी पितर जेवू घालायला आताशा माणसं मिळत नाहीत, सुनांना वेळ नसतो, मग लोकांनी सोपा मार्ग काढला. म्हाताऱ्यांना जेवू घातलं की पितरांना पोचतं. एकेका दिवशी दोन-दोन बुकिंगं. सकाळी एकाचा बाप जेवायचा, संध्याकाळी दुसऱ्याची आजी. आमच्या घरी पितर जेवत नाहीत. आम्ही बौद्ध माणसं. माझ्या बापानं दुसऱ्याच्या शेतात राबून शिक्षण घेतलं आणि हे सगळं घरातून काढून टाकलं. आणि मी त्याची लेक टेबलामागं बसून रजिस्टरात लिहीत होते, 'सर्वपित्री, दोन्ही वेळ फुल.' बाप असता तर त्यानं काय म्हटलं असतं, हा विचार मी तेव्हा करत नसे. पगाराची तारीख जवळ आलेली असायची.

आता मावशीचं सांगते. सीमेवरच्या एका गावात मुलींच्या वसतिगृहात तिनं तीस वर्षं स्वयंपाक केला होता. नवरा लवकर गेला, लेकरूबाळ नाही. भावाचा मुलगा भैंसा गावाकडे असतो, त्यानं इथं आणून ठेवली, दोन महिने पैसे दिले आणि फोन उचलायचा बंद केला. मग ती फुकटच्या अकरांत गेली. बुटकी, काळीसावळी, आवाज मात्र खणखणीत. शेकडो पोरींना ओरडून जेवायला बोलावलेला आवाज. दिवसभर काही ना काही करत राहायची. लसूण सोल, तांदूळ निवड, कोणाचे पाय चेप. मी म्हणायचे, मावशी, बस की जरा. ती म्हणायची, "बसून काय करू बाई, बसलं त हाडं गंजते."

तिला शुगर होती. आमच्याकडे शुगरवाल्यांची रांग मागं असायची. त्यांना पंगतीतलं गोड नाही, ज्वारीची भाकर आणि वरण. नर्सनं ती पद्धत घालून दिली होती. नर्स निर्मल गावाकडची, घरात तेलुगू, मराठी आमच्यात राहून शिकलेली. कामाला वाघीण होती. तिला आम्ही सगळे सिस्टर म्हणायचो.

मावशीच्या पहिल्याच पितृपक्षात एक माणूस आला. कापसाचा व्यापार करणारा, गळ्यात चेन, दोन पोरं, बायको. सगळे म्हातारे खाली मान घालून जेवत होते. पंगतीत बसलेली माणसं बोलत नाहीत, मला कितीदा वाटे की निदान एखाद्यानं बरं झालं म्हणावं. तो माणूस हात जोडून कोपऱ्यात उभा होता. आणि मागच्या रांगेतून मावशी म्हणाली, "काय आवडे रे बापू तुह्या बापाले?"

तो गडबडला. म्हणाला, "बुंदी."

"मंग आण. मले वाढ."

त्यानं स्वतः लाडू आणून वाढला. तिनं खाल्ला, पाणी प्याली, आणि वर बघून म्हणाली, "जेवला रे तुहा बाप. पोट भरून जेवला. आता घरी जाय."

तो माणूस तिथंच खाली बसला आणि हमसून हमसून रडला. जाताना खिशात होतं तेवढं सगळं पेटीत टाकून गेला. तिसऱ्या दिवशी त्याचा मेव्हणा आला, म्हणाला, ती आजी कुठं आहे, आमच्या पंगतीला ती पाहिजे.

हे तिला कोणी शिकवलं होतं, माहीत नाही. प्रत्येकाला ती वेगळं बोलायची. कोणाला म्हणायची, तुही माय म्हणते भांडू नका. कोणाला नुसती डोक्यावरून हात फिरवायची. तेलुगू माणूस असला तर मोडक्यातोडक्या तेलुगूत. लोक तिच्यासाठी येऊ लागले. पुढच्या पितृपक्षाचं बुकिंग आखाडातच सुरू झालं. तिला मागच्या रांगेतून उचलून पुढं मी बसवलं. अध्यक्षांनी सांगितलं नव्हतं. ते बिचारे उंटावरून शेळ्या हाकणारे, त्यांना रांगा माहीतच नव्हत्या. मीच बसवलं. सिस्टर कुरकुरली तेव्हा मी म्हणाले, अर्धा लाडू खाल्ला म्हणून माणूस मरत नाही, इन्सुलिन दोन पॉइंट वाढव.

दोन वर्षं असं चाललं. त्यानंतरच्या वर्षी, पितृपक्षाला चार-पाच दिवस असताना, सिस्टर माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"बाई, मावशीच्या अंगठ्याखाली जखम हाय. आत गेलेली. तिले दुखतच नाई, म्हून समजलं नाई."

"मलम लाव."

"मलमाचं काम नाई हे. शुगर तीनशेच्या खाली येऊन नाई राह्यली. डॉक्टर म्हनले, शुगर खाली आली तरच भरन, नाई त पाय जाईन. या वर्षी तिले पंगतीत नका बसवू."

मी रजिस्टर उघडून तिच्यापुढं सरकवलं. पंधरा दिवसांतली एकोणीस बुकिंगं, त्यातल्या निम्म्यांपुढं 'ती आजी' असं लिहिलेलं. सिस्टरचा आणि आयांचा दोन महिन्यांचा पगार थकला होता. थोरल्या आयाच्या पोराची फी भरायची होती, ती रोज माझ्या दाराशी येऊन उभी राहायची आणि जायची. मी म्हणाले, "तुमचेच पगार काढायला करून राह्यले मी हे. माझ्या घरी न्यायचे का मला लाडू?"

सिस्टर म्हणाली, "माझ्या पगारापायी तिचा पाय नका घालवू बाई."

मला राग आला. खरं बोललेल्याचा राग येतो तसा आला. मी म्हणाले, फक्त हे पंधरा दिवस. दसऱ्यानंतर तिला कडक पथ्यावर ठेवू, डॉक्टरला दाखवू, हवं तर मी स्वतः भाकरी करून घालीन. सिस्टरनं रजिस्टर मिटून माझ्याकडे परत सरकवलं. मी त्याचा अर्थ हो असा घेतला.

ते पंधरा दिवस मी हातचं राखून काम केलं असं कोणी म्हणणार नाही. मावशीच्या ताटात मी स्वतः मापून वाढलं. अर्धा लाडू, दोन घास खीर. पण दान देणारा माणूस समोर वाकून म्हणतो, आजी, अजून एक घ्या, माझ्या आईला लई आवडायचं, तेव्हा ती मान हलवायची आणि खायची. सगळं. ताट बोटानं पुसून खायची. मी दुरून डोळे वटारायचे, ती माझ्याकडे बघायचीच नाही. एका दुपारी पंगत उठल्यावर मी तिला खूप बोलले. "काय व मावशी, जिभेला काही हाड? सत्तरी उलटली अन् लहान पोरासारखे चोचले! पाय सडून राह्यला तुझा, अन् तू बालूशाही चाटून राह्यली!" ती खाली बघून लसूण सोलत राहिली. "लोकं एवढं आणते बाई, टाकू कसं?" एवढंच म्हणाली. आया हसल्या. मीही मनात म्हटलं, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

सर्वपित्रीला दोन्ही वेळच्या पंगती झाल्या. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही महिन्यांचे पगार वाटले. सिस्टरनं पाकीट घेतलं आणि म्हणाली, "चला, पाय पाहून घ्या." अंगठा काळा पडला होता, शेजारची दोन बोटं निळी, आणि खोलीभर वास. मावशी आम्हाला म्हणत होती, काई नाई, दुखत नाई मले, तुमी जेवा.

सरकारी दवाखान्यात तीन दिवस सलाईन, इंजेक्शनं झाली. मग सर्जननं सांगितलं, गुडघ्याखालून काढावा लागेल, आजच्या आज, वर चढलं तर जीव जाईल. नातेवाइकाची सही पाहिजे. मी तिच्या भावाच्या मुलाला दुसऱ्याच्या फोनवरून लावला, तेव्हा उचलला. सगळं ऐकून म्हणाला, "तुमीच करा ना दस्तखत. माझं काई म्हननं नाई." मी सही केली. 'रुग्णाशी नाते' या रकान्यात काय लिहू कळेना, व्यवस्थापक असं लिहिलं.

ऑपरेशनला न्यायच्या आधी मी तिच्या खाटेशी बसले होते. मला रडू येत होतं आणि रडू आलं की मला राग येतो, तशी मी आहेच. मी म्हणाले, "मावशी, तुला किती सांगितलं व, नको खाऊ, नको खाऊ. काऊन खाल्लं तू एवढं?"

ती छताकडे बघत म्हणाली, "मले गोड आवडत नाई बाई."

"मग?"

"वसतिगृहात तीस वर्सं सणासणाले बुंदी पाडली. वासानंच पोट भरे. मी खातच नसो." मग जरा थांबून म्हणाली, "मी आली त्याच वर्सी तुमी फोनवर बोलून राह्यल्या होत्या ना. अध्यक्षासंग. फुकटचे अकरा जन हाय, खायले काळ अन् भुईले भार, त्याइले कोठं नेऊन टाकू म्हून. मी भाईर लसूण सोलून राह्यली होती. मंग मले वाटलं, मी पंगतीत नीट बसली त माह्यं भाडं निघते. तुमाले मले काढाले नाई लागत."

तो फोन मला आठवत होता. अध्यक्ष म्हणत होते, फुकटची माणसं कमी करा. आणि मी भडकून त्यांना उपरोधानं म्हणाले होते, हो, आहेतच ते खायला काळ अन् भुईला भार, सांगा, कुठं नेऊन टाकू? मी त्या अकरांसाठीच भांडत होते. पण दाराबाहेर बसलेल्या माणसाला उपरोध कुठून कळणार? तिनं ऐकलं ते शब्द माझे होते, आवाज माझा होता. दोन वर्षं ती माझ्या डोळ्यांपुढं भाडं भरत होती आणि मी तिला खादाड म्हणत होते. मी तिचा हात धरून म्हणाले, मावशी, तुला कोणी काढत नाही, मी असेपर्यंत कोणाची हिंमत नाही. ती "हाव, हाव" म्हणाली. लहान पोराला आपण म्हणतो तसं. तेवढ्यात स्ट्रेचर आलं.

पाय गेला. मावशी वाचली. महिन्याभरानं चाकाच्या खुर्चीत बसून परत आली. सिस्टर तोवर निघून गेली होती. पाकीट घेतलं त्याच आठवड्यात तिनं राजीनामा दिला, निर्मलला एका दवाखान्यात लागली. भांडली असती तर बरं झालं असतं. जाताना मला नमस्कार करून गेली.

मग मला सुचलं शहाणपण. वरातीमागून घोडं. मी फाटकावर मोठा बोर्ड लावला: बाहेरचं शिजवलेलं अन्न आणि गोड पदार्थ घेतले जाणार नाहीत, औषधं, कापूस, पट्ट्या, डायपर किंवा पगारासाठी देणगी द्यावी. लोक बोर्ड वाचत, मोटरसायकल वळवत आणि निघून जात. कोणी मंदिरात पंगत देई, कोणी गोशाळेत. गाईला शुगर होत नाही. हिवाळ्यात बुकिंगचं रजिस्टर कोरं पडलं. धाकटी आया सोडून गेली. नवीन सिस्टर म्हणून एक पोरगी मिळाली, शिकत असलेली, अर्ध्या पगारावर, एक दिवसाआड येणारी. मावशीची पट्टी रोज बदलायची ती एक दिवसाआड बदलू लागलो. ओलं राहायचं, पू यायचा. तीन म्हाताऱ्यांना अंथरुणात पडून पाठीला जखमा झाल्या. तिच्या पायासाठी गोड बंद केलं, तर पट्टीलाही पैसे उरले नाहीत. अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमच्या तत्त्वापायी संस्था बंद पडन."

होळीच्या पुढं-मागं एक शिक्षक आला. सीमेकडच्या गावातला, चाळिशीचा. बापाचं वर्षश्राद्ध होतं, हातात बालूशाहीचा डबा. मी फाटकातच अडवलं. गोड चालत नाही. द्यायचंच असेल तर पट्ट्या द्या, मलम द्या.

तो गोंधळून म्हणाला, "बाई, बापाच्या नावानं पट्ट्या कशा देऊ? लोकं काय म्हनतीन? पोचतीन का त्याले?"

"लाडू पोचतात ते कशावरून?" मी म्हणाले. तोंड माझं असंच. तो मागं वळला.

ओसरीत खुर्चीवर बसलेली मावशी सगळं ऐकत होती. तिनं तो जुना खणखणीत आवाज लावला. "बापू! इकडं ये. कायनं गेला तुहा बाप?"

तो थांबला. म्हणाला, शुगरनं. पायाला जखम झाली होती. तो तेव्हा नोकरीच्या गावी होता, आईनं फोनवर सांगितलं ते त्यानं मनावर घेतलं नाही. आला तेव्हा बाप बोलत नव्हता.

मावशीनं लुगडं वर सारलं. गुडघ्याखाली ओली पट्टी बांधलेला तो अर्धा पाय तिनं पुढं केला आणि म्हणाली, "मंग बांध. तुह्या बापाचाच पाय समज."

तो शिक्षक तिथं फरशीवर बसला. डबा बाजूला ठेवला. नव्या सिस्टरनं आतली जखम साफ करून कापूस ठेवला आणि वरची पट्टी त्यानं गुंडाळली. बांधून झाल्यावर मावशी म्हणाली, "बरं वाटलं त्याले. आता तुह्यावर राग नाई त्याचा." त्यानं तिच्या उरलेल्या पायावर डोकं ठेवलं. माझ्या अंगावर काटा आला, डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच क्षणी मनात आलं, हे चालेल. मी खोटं सांगत नाही. दोन्ही एकदमच आलं.

चाललं. त्या शिक्षकानं पाच जणांना सांगितलं, पाचांनी पन्नासांना. पट्टीचं दान. बापाच्या नावानं, सासूच्या नावानं, अपघातात गेलेल्या भावाच्या नावानं. लोक पट्ट्यांची खोकी घेऊन येऊ लागले आणि जाताना देखभालीची रसीद फाडू लागले. मी नियम केले. आतली जखम फक्त सिस्टर धुणार, हात लावायचा तो वरच्या पट्टीला, आधी साबणानं धुवून. फोटो नाही. पथ्य मोडायचं नाही. धाकटी आया परत आली, नवी सिस्टर रोज येऊ लागली, पाठीच्या जखमा सुकल्या, सगळ्यांना कोरडे डायपर मिळाले. अध्यक्ष म्हणाले, "हे चांगलं काढलं तुमी बाई." मी मनाची समजूत घातली. गोड नाही, शुगर आटोक्यात आहे, जखमेला रोज पट्टी होते आहे. यात वाईट काय आहे? कोणी विचारलंच नाही, तरी मी हे दिवसातून चारदा स्वतःला सांगत होते.

आषाढाच्या सुरुवातीची गोष्ट. सकाळी एक बुकिंग होतं. मावल्यातलीच बाई, आई वारल्याला तीन महिने झाले होते, पोराबाळांना नवे कपडे घालून आणली होती. ती बाहेर ओसरीत बसली होती, रसीद आधीच फाडून झालेली. मी सहज आत गेले तर सिस्टर मावशीची जुनी पट्टी सोडत होती. मी वाकून पाहिलं. जखम नव्हती. कातडी गुलाबी, कोरडी, घट्ट. टाक्यांचे नुसते वण.

मी सिस्टरला विचारलं, हे कधी भरलं? ती रडायलाच लागली. म्हणाली, तीन हप्ते झाले बाई. मावशीनं सांगू नको म्हटलं.

मला हसावं का रडावं कळेना. मी ओरडले, "अवं मावशी, तू बरी झाली! सांगायचं नाही का? पेढे वाटायचे, नाही... पेढे नाही, पण काहीतरी वाटायचं!"

ती घाबरली होती. चोरी पकडल्यासारखी. माझं मनगट धरून हळू आवाजात म्हणाली, "ओरडू नका बाई, ते लोकं आयकतीन. बरी झाली त मंग कोन कायले येते? कोरड्यावर बांधलं त काय बिघडते? बांधू द्या ना. मी बसतो की गुमान."

नऊ महिन्यांपूर्वी दवाखान्यात मी तिला वचन दिलं होतं. तिनं त्यातलं एक अक्षरही खरं मानलं नव्हतं. तिला बरं व्हायची भीती वाटत होती, आणि ती भीती मीच तिच्यात घातली होती. बाहेर जाऊन त्या बाईला एवढंच सांगायचं होतं, की ताई, जखम भरली, आनंद आहे, तुमचे पैसे परत घ्या. दहा पावलं होती दारापर्यंत. महिन्याची अठ्ठावीस तारीख होती.

मी दार लोटून घेतलं आणि सिस्टरला म्हणाले, "कापूस जरा जास्त ठेव. म्हणजे वरून समजणार नाही."

पोरीनं माझ्याकडं बघितलं, डोळे पुसले आणि ठेवला.